लाल सहाशे

कौशिकला मोटारसायकलचं लायसन मिळालं तेव्हा त्याने पहिला फोन आपल्या बहिणीला केला नाही, बहिणीच्या नवऱ्याला केला.

"भावोजी, झालो पास! आता गाडी कुठली घ्यायची ते तुम्ही सांगायचं. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

रामकृष्ण तेव्हा मस्कतच्या रुवी भागातल्या एका इमारतीच्या गच्चीवर एसीच्या कॉम्प्रेसरशी झटत बसला होता. "बघू, संध्याकाळी ये घरी," एवढंच म्हणून त्याने फोन खिशात टाकला. मग हातातला पाना इतक्या जोरात आपटला की शेजारच्या टाकीवरची कबुतरं उडाली.

ओमानात येऊन त्याला बरीच वर्षं झाली होती. मोटारसायकलचं लायसन त्याने आल्या आल्या काढलं होतं आणि मुदत संपायच्या आत दर वेळी न चुकता नवं करून आणत होता. नव्हती ती गाडी. कुडाळला असताना त्याच्याकडे एक जुनी मोटारसायकल होती, आंबोलीचा घाट तो तिच्यावरून डोळे मिटून उतरेल असं मित्र म्हणायचे. मग सुगंधाशी लग्न झालं, मुलगी झाली. मुलीच्या बारशाच्या दिवशी सुगंधाने त्याचा हात पाळण्यावर ठेवून शपथ घ्यायला लावली, की पुन्हा म्हणून मोटारसायकल चालवायची नाही. त्याने घेतली. तेव्हा काही वाटलं नाही. पुढे मस्कतच्या गुळगुळीत रस्त्यांवर शुक्रवारी सकाळी रंगीत गाड्यांचा थवा सूं करून जायचा, तेव्हा वाटायचं.

संध्याकाळी दार्सैतच्या घरी कौशिक आला. सुगंधाने भावासाठी घावणे टाकले होते. रामकृष्णने घास मोडता मोडता विचारलं, "तुला चालतं हे? भाऊ मोटारसायकल घेतोय ते?"

"एकटा जीव आहे, हौस आहे, करू दे," ती म्हणाली. "तुमच्यामागे आम्ही दोघी आहोत. त्याची नि तुमची बरोबरी कसली?"

रामकृष्णने उरलेला घावणा ताटाच्या कडेला सारला. आई गेल्यावर सुगंधानेच ह्या भावाला वाढवलं होतं, तो मस्कतला आला तोही तिच्याच खटपटीने. अल् खुवैरला काचेच्या इमारतीत त्याची नोकरी. ताटात माशाचा मोठा तुकडा कोणाच्या पडतो हे रामकृष्ण आताशा न बघताही सांगू शकला असता.

शोरूममध्ये दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. एक निळी, दोन सिलिंडरची, रुंद हँडलची. बसल्यावर पाठ ताठ राहते, सिग्नल सुटला की खालच्या वेगातच ओढते. कौशिकसारख्या नवख्या, काटकुळ्या माणसाला, खुवैर ते दार्सैत करायला हीच गाडी, हे रामकृष्णला शोरूमच्या दारातच कळलं होतं. तसं सांगायचं हे त्याने मनात जुळवूनही आणलं होतं.

दुसरी लाल होती. सहाशे सीसी, चार सिलिंडर. हँडल खाली, पाय मागे, माणूस टाकीवर पालथा पडल्यासारखा. हळू चालवली तर पेंगते, इंजिनाचे फेरे चढले की किंचाळत सुटते. ही गाडी रामकृष्णने फोनवर किती वेळा बघितली असेल त्याला सुमार नव्हता. सुगंधा खोलीत आली की तो फोन उलटा ठेवायचा.

"कुठली?" कौशिकने विचारलं.

"ही," रामकृष्ण म्हणाला, आणि त्याचा हात लाल टाकीवर होता.

"पण भावोजी, सिटीत चालेल ना? वाकून बसावं लागतंय."

"सवय होते. थोडंफार कमीजास्त असेल ते आपण जाफरच्या गॅरेजात करून घेऊ. गाडी घ्यायची तर घेतल्यासारखी घे."

कौशिकने लगेच मान हलवली. भावोजी म्हणतात म्हणजे झालं, असा तो पोरगा. त्याचा तो विश्वासच रामकृष्णला टोचत होता. कौशिकने खिशातून कार्ड काढलं, सही केली, झाली गाडी त्याची. इतकं सोपं असतं?

गाडीची पूजा दार्सैतच्या कृष्णमंदिराबाहेर झाली. सुगंधाने टाकीवर हळदीकुंकवाचं स्वस्तिक काढलं, चाकाखाली लिंबू ठेवलं, भावाला ओवाळलं. रामकृष्ण नारळाची पिशवी धरून उभा होता. मुलगी यशश्री फोटो काढत होती.

"बाबा, मामाची बाईक सो कूल आहे ना? आपली कार एकदम अंकल टाइप आहे."

"बाबा अंकलच आहेत तुझे," सुगंधा हसत म्हणाली आणि भावाकडे वळली. "बाबू, जपून हां रे. आणि ही माळ काढू नकोस लगेच."

बारशाच्या दिवशी शपथ घालणारा हात तोच होता, आता लाल टाकीवरून मायेने फिरत होता. रामकृष्णने नारळ इतक्या त्वेषाने फोडला की पाणी त्याच्याच सदऱ्यावर उडालं.

जाफर म्हणजे वादी कबीरमधला गॅरेजवाला, मूळचा श्रीवर्धनचा. रामकृष्णशी त्याची जुनी ओळख. कौशिकच्या ऑफिसात कामाची गर्दी होती. त्याने गाडी गॅरेजला आणून ठेवली, "तुम्ही बघाल तसं" म्हणाला आणि टॅक्सीने निघून गेला. मग रोज काम सुटलं की रामकृष्ण वादी कबीरला. पुढचं दातेरी चक्र एका दाताने लहान बसवलं, म्हणजे गाडी सिग्नलवरून उसळी घेऊन सुटते. मऊ रबराचे टायर घातले, ते रस्त्याला चिकटून राहतात. पाय ठेवायचे खुंट आणखी मागे आणि वर नेले. ब्रेकचा दांडा हाताच्या पंजाप्रमाणे जवळ-लांब करता येतो, तो जुळवला. एकेक गोष्ट करताना रामकृष्णचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा. जाफर म्हणायचा, "काय रे राम, स्वतःच्या लग्नात पण एवढा हसला नसशील."

राहिल्या स्प्रिंगा. त्या बसणाऱ्याच्या वजनाला जुळवाव्या लागतात. माणूस पुरा पोशाख घालून गाडीवर बसतो, दुसरा टेप लावून गाडी किती दबली ते मोजतो, आणि तेवढ्यावरून पाना फिरवतो. भारी माणसाला स्प्रिंग ताठ लागते, हलक्याला मऊ.

"मेव्हण्याला बोलव," जाफर म्हणाला. "ज्याची गाडी त्याला बसवायचं."

"त्याला कुठे वेळ आहे? मी बसतो."

"तू? अरे, तुझ्यातून तसले दीड होतील."

"चालतं रे. यल्ला, टेप लाव."

जाफरने खांदे उडवले. रामकृष्ण गाडीवर बसला. चालवायची नाही अशी शपथ होती, उभ्या गाडीवर बसायचं नाही अशी नव्हती. दोन्ही मुठी धरून तो टाकीवर वाकला, डोळे मिटले. जाफर मागे टेप लावत होता, पाना फिरवत होता, "ऊठ, बस, पुन्हा बस" म्हणत होता. रामकृष्ण उठत होता, बसत होता. काम झालं तरी तो उतरला नाही. शेवटी जाफरनेच म्हटलं, "खलास, उतर आता, दुकान बंद करायचंय."

कौशिक गाडी घेऊन गेला. त्यानंतर तो दार्सैतला यायचा तो मनगटं चोळत. सुगंधा तेल गरम करून द्यायची.

"गाडी कशी आहे?" रामकृष्ण विचारायचा.

"मस्त आहे भावोजी. मीच जरा कमी पडतो. खड्डा आला की उडते. ब्रेकपर्यंत बोटं पुरतात कशीबशी. शिकेन हळूहळू."

तेव्हा सांगता आलं असतं. जाफरकडे अर्ध्या तासाचं काम. पण 'मीच कमी पडतो' हे शब्द रामकृष्णच्या कानाला गुळासारखे लागले. पडशीलच, त्याच्या मनात आलं. ती गाडी तुझ्या आवाक्यातली नाहीच. आणि त्याने आणखी एक चहा मागितला.

थंडीतल्या एका शुक्रवारी सकाळी सगळे अमरातहून बौशरचा घाट उतरून यायला निघाले. पुढे कौशिक लाल गाडीवर, मागे कारमध्ये रामकृष्ण, सुगंधा आणि यशश्री. दोन्हीकडे भाजलेल्या विटेच्या रंगाचे उघडे डोंगर, मधून काळा रस्ता. चढ संपला, उतार लागला. रामकृष्ण पुढच्या गाडीवरून नजर हलवत नव्हता. इथे वाक, त्याचे ओठ हलत होते, आता सोड, आता वाक.

डाव्या वळणावर रस्त्याला जोड होता, बारीकसा. त्यावरून कार गेली असती तर कळलंही नसतं. लाल गाडीचं मागचं चाक मात्र उडालं, खाली आपटलं, पुन्हा उडालं. कौशिकची बोटं ब्रेककडे धडपडली. गाडी वाकायची सोडून सरळ झाली आणि उजवीकडच्या कठड्याकडे निघाली. कठड्यापलीकडे नुसती हवा होती.

"बाबू!" सुगंधा किंचाळली.

कौशिकचा बूट कठड्याला घासत गेला. कशीबशी गाडी सावरली, डुलत डुलत पुढच्या मोकळ्या जागेत जाऊन थांबली. कार पुरती उभी राहायच्या आत सुगंधा उतरून धावली.

"खंय लागला रे तुका? हात दाखव. पाय दाखव माका!"

"लागलं नाही गो ताई," कौशिकने हेल्मेट काढलं. ओठ पांढरे पडले होते. त्याने गाडीची किल्ली काढून रामकृष्णपुढे धरली. "मला नाही जमत भावोजी. माझी लायकी नाही. तुम्हीच घ्या ही. तुम्हाला हवी होती ना कधीची? मला काय दिसत नाही का?"

रामकृष्णने सुगंधाकडे बघितलं. शपथेची आठवण ती आता करून देईल, करून द्यावी, असं त्याला क्षणभर मनापासून वाटलं.

"घ्या," सुगंधा म्हणाली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "मी सोडवते तुम्हाला शपथेतून. घ्या ती, चालवा, काय हवं ते करा. पण माझ्या भावाच्या पायाखालून ती काढा."

इतकी वर्षं ज्याची वाट बघितली ते असं हातात पडलं. किल्ली गरम होती. रामकृष्णला आनंद व्हायला हवा होता. आपला जीव तिने इतके दिवस जपून ठेवला होता आणि आज तो भावाच्या बदल्यात देऊन टाकला, एवढंच त्याला ऐकू आलं होतं.

"मी खाली नेतो," तो सुगंधाला म्हणाला. "तू कार घे. हळू या."

कौशिकचं हेल्मेट घट्ट झालं, तरी त्याने ते दडपून घातलं. पहिल्या वळणाला त्याने गाडी जपून घातली. दुसऱ्याला जपायची गरजच उरली नाही. खांदा झुकवावा आणि गाडीने आधीच वळून ठेवलेलं असावं. रस्त्याचे जोड चाकांखालून येत होते, जात होते, अंगाला काही लागत नव्हतं. ब्रेकचा दांडा बोटांत येऊन बसत होता. पायाचे खुंट, मुठी, टाकीची बाजू, सगळं जिथे हवं तिथे. इंजिनाचा आवाज डोंगरावरून परतून येत होता. रामकृष्ण हेल्मेटच्या आत मोठ्याने हसला. हसता हसता त्याला कठड्याला घासणारा बूट दिसला, आणि उरलेला घाट त्याने कसा उतरला ते त्याचं त्यालाच कळलं नाही.

खाली बौशरला रस्त्याकडेच्या चहाच्या दुकानापाशी तो थांबला. कार यायला अवकाश होता. बोलायचं काय ते ठरवायला तेवढा वेळ पुरेसा होता. गाडी नवख्याची नाही, कौशिक, मी ठेवून घेतो. बस, इतकंच. कोणी जाफरला विचारायला जाणार नव्हतं. जाफरही आपणहून सांगणारा नव्हता.

कार आली. सुगंधा चालवत होती, शेजारी कौशिक. तिने काच खाली केली. "काय बिघडलंय तिच्यात?"

ठरवलेलं वाक्य बोलायच्या आत रामकृष्णला शेजारी स्वतःच्या गुडघ्यांकडे बघत बसलेला कौशिक दिसला.

"काही नाही बिघडलेलं," तो म्हणाला. "स्प्रिंगा माझ्या वजनाला लावल्यात. ब्रेक माझ्या पंजाला. ह्याच्या अंगाखाली ती उडणारच. तो नीटच चालवत होता."

"म्हणजे?" कौशिक पुढे वाकला. "जाफरभाईंनी मला का नाही बसवलं?"

"तो म्हणाला होता. मी तुला बोलावलंच नाही. मी बसलो."

मग कौशिकच्या तोंडावर हळूहळू रंग आला. "म्हणजे मला येतं चालवायला? ताई, मला येतं! मी उगाच रात्र रात्र पडून विचार करत होतो, भावोजींसमोर आपली लाज जाते म्हणून!"

रामकृष्णला वाटलं, ह्याने दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

सुगंधाची नजर नवऱ्यावरून हलली नव्हती. "आणि शोरूममध्ये? तिथे तरी त्याच्यासाठी बघितलीत?"

त्याने मान खाली घातली.

"किल्ली द्या इकडे."

"मी जाफरकडे नेऊन पोचवतो ना. लगेच—"

"जाफरभाईंना फोन करा. पिकअप घेऊन येतील, तोवर थांबू. माझ्यासमोर बाबू गाडीवर बसेल आणि ते मोजतील. तुम्ही कारमध्ये मागे बसा."

किल्ली तिच्या पर्समध्ये गेली. रामकृष्ण मागच्या सीटवर यशश्रीशेजारी जाऊन बसला. यशश्रीने हळूच विचारलं, "बाबा, आर यू इन ट्रबल?" त्याने 'हो' म्हणून मान हलवली. सुगंधाने हॉर्न वाजवला, दुकानातला माणूस घट्ट दुधाच्या करक चहाचे कप कारपाशी घेऊन आला. पहिला कप तिने भावाला दिला. एक मागे न बघता रामकृष्णसमोर धरला. त्याने तो घेतला, पण ओठाला लावला नाही.

बाहेर एक जीप थांबली होती. तिच्यातून उतरलेला ओमानी तरुण लाल गाडीभोवती फिरत होता. त्याने वाकून टायर बघितले, खुंट बघितले, टाकीवरून पालथा हात फिरवला. रामकृष्ण काचेतून त्या हाताकडे बघत राहिला. तरुण कारपाशी आला आणि मागच्या काचेवर टकटक केली. कारमधल्या पुरुषांत वयाने मोठा तोच होता.

"माशाल्ला, अच्छा बनाया," तो मोडक्या हिंदीत म्हणाला. "किसका है?"

रामकृष्णने पुढच्या सीटवरच्या कौशिककडे बोट केलं.

"इसका."