घेवड्याचं लॅटिन

मास्तरांना लॅटिन ओ की ठो येत नव्हतं. चाळीस वर्षं शाळेत वनस्पतिशास्त्र शिकवलं, त्यामुळे झाडांची लॅटिन नावं तेवढी फाडफाड यायची. तेवढ्यावर घरात 'काकांना लॅटिन येतं' असा बोलबाला झाला आणि मास्तरांनीही तो खुशाल होऊ दिला.

वर्षापूर्वी त्यांचा पुतण्या अपघातात गेला. कुणाची गाडी ढकल, कुणाचा फ्रीज जिन्यावरून चढव, हाकेसरशी धावणारा पोरगा! त्याची धाकटी बहीण कागद घेऊन आली. "काका, 'सगळ्यांचा दादा' याचं लॅटिन करून द्या ना. हातावर टॅटू काढतेय."

भाऊ म्हणजे 'फ्रातेर', हे कुठंतरी वाचलेलं होतं. गाडी अडली 'सगळ्यांचा'पाशी. मग मास्तरांना घेवडा आठवला. त्याच्या नावात 'वल्गारिस' असतं. घेवडा सगळीकडे उगवतो, सगळ्यांच्या घरी असतो, म्हणजे सगळ्यांचाच की! त्यांनी ऐटीत लिहून दिलं, 'फ्रातेर वल्गारिस'.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा दारात. "टॅटूवाला म्हणतोय, एकदा खात्री करून ये. नंतर खोडता येत नाही."

"तो मला शिकवणार? जा, बिनधास्त काढ!"

आठवड्यानं वाचनालयात मित्रापुढं शेखी मिरवायला मास्तरांनी लॅटिनचा जाडजूड कोश उघडला. वल्गारिस : मामुली, सामान्य, कुणीही सोम्यागोम्या. त्यांच्या तोंडचं पाणीच पळालं. पोरीनं मेलेल्या भावाला जन्मभरासाठी सोम्यागोम्या म्हणून ठेवलं होतं, आणि ते यांच्या शब्दावर विसंबून! मित्राला काही न सांगता त्यांनी कोश मिटला.

संध्याकाळी ते भावाच्या घरी गेले. वाटेत मनाशी ठरवलं होतं, गप्प बसायचं. इथं लॅटिन कुणाला कळतंय? पण हातात चहाचा कप आला, तरी स्वतःची वाटणारी लाज काही जाईना.

वहिनी लेकीच्या हातावरच्या अक्षरांवरून बोट फिरवत होत्या. "भाऊजी, तुमच्यामुळे झालं हो हे. वाचून दाखवा ना."

"सगळ्यांचा दादा," मास्तर पुटपुटले.

वहिनींनी डोळे पुसले आणि स्वतःची बाही वर केली. "उद्या माझ्याही हातावर हेच काढून घेतेय. टॅटूवाल्याशी बोलणं झालंय."

मास्तरांनी कप खाली ठेवला.

"वहिनी, नका काढू. मला लॅटिन येत नाही. कधीच येत नव्हतं."

"म्हणजे? मग हे काय लिहिलंय?"

त्यांनी सांगितलं. घेवड्यासकट सगळं सांगितलं. कुणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं.

पुतणीनं हळूच बाही खाली ओढली आणि मनगटाशी बटण लावलं.