पानी से बचाना

"आडवी नोको करू रे. उभीच ठेव," कमरुन म्हणाली आणि टेम्पोच्या फाळक्यावरून हात पुढे सरकवत पत्र्याची ट्रंक कुठे ठेवली ते तिने चाचपून पाहिले.

"फुफी, ट्रंक हाये का नवरी हाये?" अनीस म्हणाला. टेम्पोवाला विक्की मोठ्याने हसला.

अनीस तिच्या भावाचा मुलगा. भाऊ वारल्यापासून कमरुन अनीसच्याच चुलीवरचे जेवत होती. घर मात्र तिच्या वडिलांचे, हकीमसाहेबांचे. तिरोड्याच्या आसपासच्या खेड्यांतून लोक त्यांच्याकडे डोळे दाखवायला येत. कमरुनने लग्न केले नाही. सुरमा खलणे, पट्ट्या उकळणे आणि शाई करणे ही तिची कामे. आता तिच्याच डोळ्यांत काचबिंदू उतरला होता. उजेड कळत होता, माणूस कळत नव्हता.

ट्रंकेत कापडात सुतळीने बांधलेली एकच जाड किताब होती. डोळ्यांच्या रोगांवरची, अरबी. तिची मूळ प्रत पिढ्यान् पिढ्या घरात होती, पण वाळवीने तिचा भुगा करायला घेतला, तेव्हा अब्बा दुपारच्या वेळी ती हाताने उतरवून काढू लागले. आकृत्या कमरुन रंगवायची. डोळ्याचे सात पडदे, तीन रस. बाहुलीमागचे भिंग त्या आकृतीत डोळ्याच्या अगदी मध्यभागी होते.

"अब्बा, सरकारी डॉक्टर तर म्हणतात भिंग समोर असते," ती एकदा म्हणाली होती.

"मालूम हाये. पण लिहिणाऱ्यानं मधात काढलं, तर आपण बी मधातच काढायचं. चूक काढणारे लोक लय भेटतील."

शाईही ते जुन्या रीतीनेच करवून घेत. दिव्याची काजळी, बाभळीचा डिंक, बुरशी धरू नये म्हणून लवंगेचे पाणी. दुकानातली पक्की शाई आणू, असे तिने सुचवले होते. त्यांनी ऐकले नाही. लिहिता लिहिता ते बगदादची गोष्ट सांगत. हलाकूच्या फौजेने शहर कापून काढले, विद्वान मारले, किताबघरे नदीत रिकामी केली. लोक सांगतात, पाणी शाईने काळे झाले होते.

"मंग ही किताब कशी वाचली?"

"कोणीतरी पहिलेच उतरवून दुसऱ्या गावाले नेली होती. बस, एवढंच."

हैदराबादच्या एका किताबघरातल्या माणसाने फोनवर सांगितले होते की पाठवा, आम्ही पानापानाचे फोटो काढू, जपून ठेवू. रायपूरहून हैदराबादला जाणारी ट्रॅव्हल्स हमरस्त्यावरच्या कोहमाऱ्याला थांबते. तिच्यात ट्रंक चढवायचे अनीसने कबूल केले होते. कमरुन म्हणाली, मी बसपर्यंत येते.

"कायले येता? दिसते का तुमाले बस?"

"बस नाही दिसत. हात लावून बिदा तर करीन."

ती ठेवणीतली ओढणी घेऊन पुढच्या सीटवर दोघांच्या मध्ये बसली. टेम्पो बराच वेळ चालला. मग रस्ता खराब झाला.

"कोहमारा आलं का? ट्रकचा आवाज काऊन नाही येऊन राहिला?"

"ट्रकवाल्याईचा बंद हाये आज," विक्की म्हणाला. "मोबाईलवर नाही पाहिलं का तुमी?"

अनीसने हसू दाबले, ते तिला त्याच्या खांद्यातून कळले.

टेम्पो थांबला. इंजिन चालूच होते. वारा थंड होता आणि त्यात ओल्या गाळाचा वास होता.

"पाण्याचा वास येऊन राहिला."

"ढाब्याची टाकी फुटली असन," अनीस म्हणाला आणि उतरला.

मागून कोणीतरी टेम्पोच्या पत्र्यावर थापा मारल्या. "चलो, हैदराबाद, हैदराबाद! अम्मा, सामान किसका है?"

आवाज नाकातून काढलेला होता. तंबाखूचा वास मात्र विक्कीच्या तोंडाचा होता. कंडक्टरही तंबाखू खात असतील, असे कमरुनने स्वतःला सांगितले.

"मेरा है बेटा. किताब है उसमें. पानी से बचाना."

"एक बूंद नहीं लगेगी, अम्मा. ये लो रसीद."

तिच्या हातात कसलासा चुरगळलेला कागद आला. तिने त्याची नीट घडी घातली आणि कुडत्याच्या खिशात ठेवली. ट्रंकेवर हात लावायला ती उतरू लागली, तर अनीस म्हणाला, "बसा, बसा. बस थांबत नाही." ट्रंक घासत खाली उतरली. पावले लांब गेली.

मग ट्रंकेची कडी वाजली.

बसमध्ये चढवायची ट्रंक कोणी उघडत नाही. कमरुन सीटची कड धरून ऐकत राहिली. पाण्यात काहीतरी जड पडल्याचा आवाज झाला.

"डुबतच नाही बे!"

"हवा भरली असन. बांबूनं दाब."

"पाह्य, पाह्य, वर आली. मार तिले!"

बांबूचा फटका, पुन्हा फटका, आणि हसणे. कमरुन उतरली. टेम्पोच्या कडेला हात लावत, मग हात सोडून, ती आवाजाच्या दिशेने चालली. पायाखाली उताराचे दगड लागले. धरणाच्या पाळीवर असतात तसे.

"अनीस."

फटके थांबले.

"हे चोरखमाऱ्याचं धरण होय ना?"

अनीस ओरडूनच बोलू लागला. "मंग काय करू? इचारलं ट्रॅव्हल्सवाल्याले. अरबी किताब म्हटलं तर म्हणे, नहीं भाई. रस्त्यात कोणी पेटी उघडली, व्हिडिओ काढला, तर मी कोणाकोणाले समजावू? रद्दीत देता येत नाही, जाळता येत नाही. इज्जतीनं ठंडी करून राहिलो."

कुराणाची जुनी, फाटकी पाने पायदळी येऊ नयेत म्हणून दगड बांधून खोल पाण्यात सोडतात, त्याला ठंडी करणे म्हणतात. अब्बांनी लहानपणी कमरुनला ते शिकवले होते.

"कुराण नाही रे ते. डोळ्याची किताब हाये."

"अरबीच हाये ना! अन् मले ही पेटी ठेवलेली खोली पायजे. दुकानाचा गाळा निघते तिथं. तुमाले तर दिसत बी नाही त्यातलं. डोळ्याची किताब म्हणे. तुमचे तरी वाचले का तिच्यानं?"

विक्की हसला, पण अर्धवट.

"बाहेर काढ तिले," कमरुन म्हणाली.

"आता काय..."

"काढ. दगड नाही बांधला तुमी. बिना दगडाची तरंगते. मारू नोका तिले."

विक्कीने बांबूने गठ्ठा ओढून घेतला आणि तिच्यासमोर ठेवला. ती दगडावर बसली. पुठ्ठा सुटला होता. तिने एक पान उलटायला घेतले, ते बोटाबरोबर निघून आले. डिंक पाण्यात विरघळतो, आणि काजळीला कागदाशी धरून ठेवणारे दुसरे काही नसते. ती शाई तिनेच केली होती.

"समदं पुसून गेलं, अम्मा," विक्की खालच्या आवाजात म्हणाला. "काळं काळं झालं नुसतं."

"पाणी?"

"काय?"

"पाणी काळं झालं का?"

विक्कीने पाहिले असावे. "नाही. काठाले थोडंसं होतं. गेलं ते."

"दोन दगड आण. चपटे."

दगड आले. एक खाली, एक वर ठेवून तिने निघालेले पान जागेवर सरकवले, बांधणीचे कापड घट्ट ओढले आणि सुतळीच्या गाठी मारल्या. तिचे हात घाईत नव्हते. अनीस बाजूला उभा राहून फोनवर कोणाला तरी गाळ्याचे माप सांगत होता.

"आता सोड. फेकू नोको."

या वेळी आवाज झाला नाही.

घरी पोचल्यावर अनीसची बायको तस्लीमने रिकामी ट्रंक धुतली, उन्हात वाळवली आणि तिच्यात गोधड्या भरल्या. कमरुन ओट्यावर बसली होती. तिसऱ्या प्रहराची अजान झाली.

"फुफी, नमाजासाठी वजूचं पाणी ठेवलं जवळ," तस्लीम म्हणाली. मग जवळ येऊन थबकली. "अगो माय, हात तर पाहा. धुवा ना, किती काळे झाले."

कमरुनने लोट्याला हात लावला नाही. ती तळवे वर करून तशीच बसून राहिली. शाईतला डिंक वाळला होता. उजव्या हाताची बोटे एकमेकांना किंचित चिकटली होती, आणि ती सुटू नयेत म्हणून तिने हात हलवला नाही.