पाऊणकीचा प्रश्न

ऋषिपंचमीच्या दुपारी आमच्या ओटीवर दर वर्षी माझी प्रश्नमंजूषा होते. गणपती आणून एक दिवस झालेला असतो, आदल्या दिवशीचे मोदक अजून अंगावर असतात आणि माणसं पेंगायला लागतात. त्यांना जागं ठेवायला कधीतरी मी हे सुरू केलं. वर्षभरात पेपरात, मोबाईलवर जी जी विचित्र बातमी दिसेल ती मी डोक्यात साठवते आणि त्या दिवशी बाहेर काढते. उभा जन्म शाळेत भूगोल शिकवला, त्यामुळे प्रश्न विचारायची खोड काही जात नाही. लग्न केलं नाही, म्हणून नवऱ्याला विचारायचे सगळे प्रश्न घरातल्या पोरांच्या वाट्याला आले. बक्षीस एकच, वाडीतलं शहाळं. त्या एका शहाळ्यासाठी आमच्याकडे सख्खी भावंडं हमरीतुमरीवर आलेली मी पाहिली आहेत.

या वर्षी ओटीवर एक नवा माणूस होता. सुश्रुत. माझ्या भावाच्या, दादाच्या मुलीचा, इराचा होणारा नवरा. साखरपुडा झाला होता आणि तुळशीचं लग्न लागलं की यांचं लागणार होतं. इरा चालायला लागायच्या आत तिची आई गेली. तिला न्हाऊमाखू घालण्यापासून ते श्रीवर्धनच्या एस.टी.त कॉलेजसाठी बसवून देण्यापर्यंत सगळं मी केलं. ती मला आत्या म्हणते, पण शाळेच्या कागदांवर पालक म्हणून सही माझीच असायची. त्यामुळे मुलगा बघताना मी त्याला चांगलाच खरवडून काढला होता.

तसा नाव ठेवायला जागा नव्हती. पुण्यात चांगली नोकरी, बोलणं मऊ, जेवताना पानात काही टाकायचा नाही. एकच गोष्ट होती, तो बिजवर होता. त्याची पहिली बायको प्राप्ती तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात गेली आणि ती आमच्याच किनाऱ्यावर, मुरुडच्या अलीकडे. दोघं गाडी घेऊन फिरायला आली होती. घाटात त्रास होतो म्हणून प्राप्तीने उलटीची गोळी घेतलेली, ती मागच्या सीटवर झोपली. ह्याने सकाळी गाडी वाळूवर लावली आणि काही खायला मिळतं का बघायला गावात गेला. अमावास्येचा दिवस. भरदुपारी पाणी चढलं आणि गाडी घेऊन गेलं.

इरा आणि तो एका विवाहमंडळाच्या साईटवर भेटले, ते गेल्या वर्षी. आम्हाला भेटायला आला तेव्हा त्याने हे सगळं स्वतःहून सांगितलं होतं. "आम्ही दोघं पुण्यातच वाढलेलो, आत्या. पाणी कधी येतं, कधी जातं, कसलं काही कळत नव्हतं," असं म्हणताना त्याचा आवाज फुटला होता. पोलिसांनाही त्याने तेच सांगितलं आणि त्यांनीही ते मानलं, कारण आमच्याकडे दर सुट्टीत एक तरी गाडी वाळूत रुतते आणि तिचा मालक असाच भरतीकडे आ वासून बघत उभा असतो. मीसुद्धा डोळे पुसले होते. बिचारा, असं म्हटलं होतं.

म्हणून या वर्षी मी गाड्यांच्या, बुडण्याच्या सगळ्या बातम्या आधीच वगळल्या. मी तोंडाची फटकळ असेन, पण निर्दय नाही.

खेळ छान रंगला. घरफोडी करायला आलेला चोर पंख्याखाली झोपला आणि सकाळी घरमालकाने त्याला चहा देऊन उठवलं, तेव्हा चोराने पहिलं काय विचारलं? साखर आहे का. ऑक्टोपसला हृदयं किती? तीन. त्यावर दादा म्हणाला की तरीही तो आठ हातांनी कोणाला काही देत नाही, अगदी आमच्या सोसायटीच्या चेअरमनसारखा. सुश्रुतने एकामागून एक उत्तरं दिली. आधी लाजत, मग हात वर करून, मग हात वर करायचंही विसरून. काही माणसांना उत्तर येत असताना गप्प बसणं जमतच नाही. वर्गात अशी मुलं मी ढिगाने पाहिली आहेत. ती मुळात वाईट नसतात, पण त्यांना समोरच्याचं 'अरे वा' ऐकल्याशिवाय चैन पडत नाही.

शेवटी सुश्रुत आणि माझ्या चुलतभावाची सून क्रांती असे दोघं बरोबरीवर आले. इरा खेळत नव्हती, दाराच्या चौकटीला टेकून सुपारी कातरत होती. शेवटचा प्रश्न मी मुद्दाम आमच्या मातीतला काढला. एका खाडीत वऱ्हाडाची होडी ओहोटीला चिखलात बसली. सकाळचा मुहूर्त गेला. भटजींनी होडीतच अंतरपाट धरला, वऱ्हाडाने गुडघाभर चिखलात उभं राहून अक्षता टाकल्या आणि पावणेचारला पूर्ण भरती आली तेव्हा नवरा-नवरी दोघंही तरंगत घरी गेले. बातमीत तारीख दिलेली नव्हती. तर मला सांगा, त्या दिवशी तिथी कोणती?

क्रांती कल्याणची, तिने सरळ हात टेकले. दादाला येत होतं, पण घरच्या मोठ्यांनी उत्तर द्यायचं नाही हा नियम आहे.

"पंचमी," सुश्रुत म्हणाला. "आजच्यासारखीच. शुद्ध की वद्य ते मात्र नाही सांगता येणार, दोन्हीला पाणी एकाच वेळी भरतं."

क्रांतीने विचारलं, हे कसं काढलं. तो हसला आणि तिला बोटांवर समजावून सांगायला लागला. तिथीची पाऊणपट करायची, म्हणजे भरतीची वेळ येते. पाच पाऊणे पावणेचार. अष्टमीला सहा. अष्टमीला पाणी फार चढत नाही, भांग असतो. पुनवेला आणि अवसेला उधाण, दुपारी बाराच्या आत-बाहेर पाणी पार सुरूच्या झाडांपर्यंत येतं.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दादाने तर त्याच्या पाठीवर थाप मारली आणि जावई आपल्यातला निघाला म्हणून सगळ्यांकडे बघितलं. माझ्या हातात शहाळं होतं आणि ते मला एकदम जड झालं. मी इराकडे पाहिलं. तिचा अडकित्ता थांबला होता. ती सुश्रुतकडे बघत होती आणि अगदी बारीक मान हलवत होती, नाही, नाही, अशी. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. मला वाटलं, पोरीच्याही लक्षात आलं.

मी शक्य तेवढ्या सहज आवाजात सुश्रुतला विचारलं, हे कुठे शिकलात. तो म्हणाला की वाचलं असेल कुठेतरी. पाऊणकी, म्हणजे हा पाऊणचा पाढा, आता पुस्तकात कोणी छापत नाही. इथे ती घरातला माणूस पोराला समुद्राकडे तोंड करून शिकवतो आणि ती पाठ व्हायला एक उन्हाळा लागतो. ती ज्याला येते त्याला भरती कळते. आणि ज्याला भरती कळते तो अवसेच्या सकाळी झोपलेली बायको वाळूवर ठेवून जात नाही.

नंतर शिकला असेल, असं मी स्वतःला सांगून बघितलं. बायको पाण्याने नेली की माणूस पाण्याचा अभ्यास करेलही. पण तसं असतं तर त्याने तसं सांगितलं असतं. आणि अवस म्हणताना त्याचा आवाज जरा तरी हलला असता. तो तर शहाळं मिळालं म्हणून खूश होता.

मी दादाला मागच्या पडवीत नेलं आणि सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि मग माझ्याकडे असं पाहिलं, जसं आमच्या घरात बिनलग्नाच्या बाईकडे मधून मधून पाहतात. तो म्हणाला, "श्यामला, एका कोड्याच्या उत्तरावरून मी पोरीचं लग्न मोडू? लोकांना काय सांगू?" मी म्हटलं, लोक गेले खड्ड्यात. तो म्हणाला की सणाच्या दिवशी असं अभद्र बोलू नकोस, आणि आरतीची तयारी बघायला निघून गेला. मला त्याचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. इरा आणि सुश्रुत दोघांचं आज संध्याकाळी गाडी घेऊन दिघीला जायचं ठरलेलं होतं, धक्क्यावरून फेरीबोट बघायला. त्या गाडीत इरा मागे बसते का पुढे, एवढाच विचार माझ्या डोक्यात घुमत होता.

इरा माजघरात ऋषीच्या भाजीची पातेली झाकून ठेवत होती. मी दार लोटून घेतलं आणि आडपडदा न ठेवता बोलले. हा माणूस खोटं बोलला आहे, पोलिसांशी आणि आपल्याशीही. त्याला भरती कळत होती. प्राप्ती चुकून गेली असं मला आता वाटत नाही. तू आज त्याच्या गाडीत बसायचं नाहीस आणि हे लग्न होणार नाही. दादाचं मी बघून घेईन.

ती रडेल असं मला वाटलं होतं. निदान खाली तरी बसेल. तिने पदराला हात पुसले, जवळ आली आणि माझे खांदे धरले, लहानपणी मी तिचे धरायची तसे.

"आत्या, किती घाबरली आहेस तू," ती म्हणाली. "अगं, त्याला मी शिकवलंय ते."

मला एकदम हायसं वाटलं. हे माझ्या डोक्यात कसं आलं नाही? ओटीवर बसून सगळ्या पोरांना पाऊणकी मीच शिकवली होती, इराला सगळ्यात आधी. बायको होणाऱ्या मुलीने नवऱ्याला शिकवली, त्यात काय मोठंसं. मी हसायला लागले. म्हटलं, माझं डोकं फिरलंय, त्या गरीब माणसाला मी खुनी करून टाकलं. तीही हसली. मला आणखी धीर यावा म्हणून ती बोलत राहिली, भरभर, माझ्या पाठीवरून हात फिरवत. तो कसा ढ होता, पाऊणकी म्हणताना कसा दरवेळी नवावर अडकायचा.

"दिघीच्या धक्क्यावर घोकून घ्यायचे मी त्याच्याकडून," ती म्हणाली. "आगरदांड्याची फेरी चुकली की दुसरं काय करणार तिथे? माझ्या ऑफिसचे लोक हसायचे आम्हाला."

तिचा हात माझ्या पाठीवर थांबला.

इरा दिघीला एका बंदराच्या ऑफिसात नोकरीला होती, हे खरं. पण ती नोकरी तिने तीन वर्षांपूर्वी पावसाच्या तोंडावर सोडली. अचानक सोडली, कारण विचारलं तर कंटाळा आला म्हणाली आणि पुण्याला गेली. म्हणजे प्राप्ती गेली त्याच्या पाठोपाठ. त्यानंतर दिघीला तिचं ऑफिसही नव्हतं आणि ऑफिसातले लोकही नव्हते. आणि सुश्रुतला तर ती गेल्या वर्षी पहिल्यांदा भेटली होती, साईटवर.

मला काय कळलं ते तिने माझ्या तोंडावरच वाचलं होतं. मघाशी दाराच्या चौकटीला टेकून ती त्याला मान हलवून काय सांगत होती तेही मला आता कळलं. गप्प बस, एवढंच. बाहेर कोणीतरी झांजा काढल्या आणि त्यांचा आवाज आला. इरा माझ्यापासून जरा मागे झाली, चुलीजवळच्या पातेल्यावरचं झाकण उगाच नीट केलं आणि मग अगदी साध्या आवाजात विचारलं, "बाबांना सांगणार आहेस?"

"हो," मी म्हणाले. ते तोंडातून आपोआपच निघालं. आयुष्यभर मी कुठली गोष्ट पोटात ठेवली आहे?

तिने मान डोलावली. रागावली नाही, रडली नाही, हातापाया पडली नाही. ती पडली असती तर मी विरघळले असते आणि तिला ते ठाऊक होतं असं मला वाटतं, तरीही तिने तसं केलं नाही. तिला ते वेळखाऊ वाटलं असावं.

"आज नको," ती म्हणाली. "घरात गणपती आहे. उद्या सांग हवं तर. संध्याकाळी आम्ही दिघीला जातोय ना, तू पण चल. गाडीत निवांत बोलू तिघं. तू मागे आरामात पाय पसरून बस."

दार उघडून सुश्रुत आत आला. आरतीला बोलवायला आला होता. त्याने आधी इराकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि इरा त्याला म्हणाली की आत्याही येतेय आपल्याबरोबर. तो म्हणाला, "अरे वा."

मी म्हटलं, माझं डोकं दुखतंय, मी घरीच थांबते. इराने माझ्या कपाळाला हात लावला आणि म्हणाली की ताप वगैरे नाही, मोकळ्या हवेत बरं वाटेल, आणि घाटाचा रस्ता लागतो म्हणून हवी तर एक गोळी घे. तिचा हात गार होता. त्या हाताला धरून मी तिला चालायला शिकवलं, आणि आता तो कपाळावरून बाजूला करायचं धाडस मला होईना. ओटीवर दादाने आरतीचा पहिला सूर लावला. आम्ही तिघं बाहेर गेलो आणि मी दादाच्या अगदी शेजारी, त्याच्या सदऱ्याची बाही मुठीत धरून उभी राहिले. मला माझ्याच पोरीची भीती वाटत होती.