निकाल मागितला तेव्हा आबा टकटक करत होते

“प्राची, आबांच्या हातातनं आज चहाचा कप निसटला बघ. बोलनं बी जड वाटलं मला,” शेजारच्या सरूबाई त्या रविवारी सकाळी सांगून गेल्या. प्राची तेव्हा आपल्या लहानग्या लेकीचा, अक्षदाचा ताप बघत होती. “मॅच बघत जागले असतील, मावशी. झोप झाली नसेल,” ती म्हणाली. मी ते ऐकलं, आणि मलाही तसंच वाटलं.

मित्रांनो, पिंपळवंडीतल्या या घराच्या ओसरीत उभा असलेला मी एक जुना प्रोजेक्टर. प्राचीचे सासरे भिमाजी आबा माझे ऑपरेटर. जुन्नर-आंबेगावच्या जत्रांमध्ये आम्ही तंबूत सिनेमे दाखवले. माझ्या पोटात कार्बनच्या कांड्या जळायच्या, समोर पडदा उजळायचा आणि माणसं मातीतच मांडी घालून बसायची. जाताना कुणी कुणी माझ्यावर हात फिरवून जायचे. मग तंबू बंद पडले. माझ्या भिंगाला बुरशी धरली. आता माझ्या डोक्यावर मनीप्लँटची कुंडी असते. आबांची खुर्ची मात्र कायम माझ्या शेजारी.

खेळ चालू असताना ओरडता येत नसे. म्हणून रीळ संपत आलं की आबा उजव्या हाताने माझ्या पत्र्यावर दोनदा टकटक करत. पुढचं रीळ तयार ठेवा, असा त्याचा अर्थ. घरातही वाद लांबला की ते तसंच करायचे. दोन टकटक, म्हणजे विषय बदला.

त्या दुपारी वाद भलताच रंगला होता. आजचा सगळ्यात मोठा दिग्दर्शक कोण? आबांचा मुलगा, म्हणजे प्राचीचा नवरा अमृत दक्षिणेतल्या एका दिग्दर्शकासाठी भांडत होता. “हजार घोडी पळवतो राव एका वेळी. तुझ्या मानसाला एक शेळी सांभाळंना.”

“त्या एका शेळीपायी माझी आई रडली व्हती,” त्याचा मित्र प्रबुद्ध म्हणाला. साध्या माणसांवर सिनेमे काढणारा एक मराठी दिग्दर्शक त्याचा लाडका. “तुझी घोडी कॉम्प्युटरमधली. त्यांना वैरन बी लागत न्हाई.”

“आणि दोघांच्याही सिनेमात आया फक्त भाकरी थापतात,” प्राची म्हणाली. तिचं मत एका तरुण दिग्दर्शिकेला होतं.

शेवटी निकाल आबांवर सोपवला. त्यांचं माप ठरलेलं होतं. ज्याचा सिनेमा तंबूतलं सगळ्यात मागचं माणूस बिडी विझवून बघतं, तो मोठा.

आबा बोलले नाहीत. त्यांनी माझ्यावर टकटक केली.

“कंटाळलं आबा तुज्या घोड्यांना,” प्रबुद्ध हसला.

“तुज्या शेळीला कंटाळले असतील,” अमृत म्हणाला, आणि वाद पुन्हा पेटला.

पण टकटक थांबली नाही. तीनदा, पाचदा, दहादा. आणि तो डावा हात होता. इतक्या वर्षांत आबांनी डाव्या हाताने मला कधी खूण केली नव्हती. उजवा हात मांडीवर नुसता पडला होता. मी हादरलो. पण लोखंडाला ओरडता येत नाही. अर्धा तास, मित्रांनो. अर्धा तास तो माणूस त्यांच्यासमोर बसून मदत मागत होता आणि ते त्याला निकाल विचारत होते.

प्राचीने अक्षदाच्या हनुवटीवरची लाळ पुसली. मान वर केली, तर आबांचीही हनुवटी ओली. फडकं तिच्या हातात तसंच राहिलं.

“आबा, हसा बरं जरा.”

अर्धाच चेहरा हसला.

प्रबुद्धच्या गाडीतून त्यांना नारायणगावच्या दवाखान्यात नेलं. मेंदूत रक्ताची गुठळी झाली होती. आबा वाचले, पण उजवा हात अजून उठत नाही आणि शब्द फुटत नाही. डॉक्टरांनी एवढंच विचारलं, “सकाळीच का नाही आणलं?”

“पोरीचा ताप मी तासातासाला बघत होते,” प्राची परवा अमृतला म्हणाली. “आबा समोरच होते रे.”

मित्रांनो, माझी धूळ राहू द्या, ती नंतर पुसता येईल. तुमच्या घरात कोपऱ्यातल्या खुर्चीत कुणी बसलेलं असेल, तर त्यांच्याकडे जा. नुसतं “बरं आहे ना?” विचारू नका, ते मान हलवतील. त्यांना हसायला सांगा. दोन्ही हात वर करायला सांगा. एक वाक्य बोलायला सांगा. काही वाकडं दिसलं, तर थोड्या वेळाने बघू म्हणू नका, दवाखाना गाठा. पुस्तक पालथं ठेवा आणि आत्ता बघून या.