शनीच्या चंद्रासाठी शेणाचा वायू

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी नळी आहे. बारा हात लांब, दोन्ही टोकांना काच. पण पाण्याचा थेंबही कधी माझ्या पोटात गेला नाही. माझं काम शनीच्या एका चंद्राचं होतं. हसू नका!

एकोणीसशे सत्तावन्न साली पिंपरीच्या एका कारखान्यातल्या चिमाजी फिटरने सुट्टीच्या दिवसांत मला घडवलं, ते पुण्याच्या कॉलेजातल्या रंगराव मास्तरांसाठी. परदेशातल्या एका वेधशाळेने मास्तरांना टायटन नावाच्या चंद्राच्या प्रकाशाचा, रंग वेगळे पाडून घेतलेला फोटो पाठवला होता. त्या चंद्राच्या हवेत मिथेन वायू आहे. तोच वायू माझ्यात भरायचा, त्यातून दिव्याचा उजेड सोडायचा आणि दोन्ही फोटो ताडून पाहायचे, असा बेत ठरला. मोशीच्या दत्तोबांनी गोठ्यामागे शेणाच्या वायूचा खड्डा केला होता. तिथला वायू चुन्याच्या निवळीतून गाळून माझ्यात भरला. शेणाचा म्हणून मी नाक मुरडलं, खोटं कशाला बोलू!

पहिल्याच फोटोत लाल टोकाला चंद्रासारखेच काळे पट्टे उमटले. शिवाय निळा भाग अंधारलेला, तोही चंद्रासारखाच. मास्तर हरखून गेले. निळा प्रकाशही मिथेनच अडवतो, असं पत्र त्यांनी वेधशाळेला लिहून काढलं आणि आपल्या नावाशेजारी चिमाजीचंही नाव घातलं. चिमाजीने ते तीनदा वाचून घेतलं. त्याच्या घराण्याचं नाव आजवर सातबाऱ्याखेरीज कुठल्या कागदावर आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मला पुसताना त्याला काचेवर पिवळी झाक दिसली. खंडेनवमीला हत्यारांबरोबर त्याने माझीही पूजा केली होती. काचेवर ओढलेली हळदीची बोटं नंतर धोतराच्या सोग्याने पुसली, ती काचभर पसरली. निळा प्रकाश हळदीनेच खाल्ला होता! मला ठाऊक होतं, पण मला तोंड कुठे आहे? पत्र अजून टपालात पडलं नव्हतं. तो गप्प बसला असता तर नाव राहिलं असतं. दिवसभर तो हातातलं काम टाकून पुन्हा पुन्हा काचेपाशी येत राहिला, आणि मला त्याची फार कीव आली.

संध्याकाळी मास्तर आले. चिमाजी म्हणाला, "मास्तर, ते पत्र धाडू नका. काचंला हळद लागलीया. चूक माझी हाय. माझं नाव काढून टाका."

मास्तरांनी काचेवरून बोट फिरवून पाहिलं. मग त्यांनी स्पिरिटने काच साफ करून पुन्हा फोटो घेतला. लाल टोकाचे पट्टे तसेच होते. निळा भाग मात्र लख्ख उजळला होता. मास्तरांनी जुनं पत्र फाडून नवं लिहिलं. लाल पट्टे मिथेनचे, पण निळा प्रकाश तो अडवत नाही. त्या चंद्रावर तो कोण अडवतं, आम्हाला माहीत नाही.

चिमाजी नको नको म्हणत होता. मास्तर म्हणाले, "आता तर तुझंच नाव आधी."

मित्रांनो, आज मी गंजून भिंतीला टेकले आहे. माझी पूजा खुशाल करा, पण कामाआधी काच स्वच्छ करा. आणि आपली चूक आपल्यालाच दिसली, तर धीर यायला चिमाजीसारखी संध्याकाळ झाली तरी चालेल. पत्र टपालात पडायच्या आत सांगा, म्हणजे झालं.