दिव्याला दिवस दाखवताना

पंढरीदादा पाच वर्षं सरपंच होते. त्या पाच वर्षांत त्यांनी काम एकच केलं, पण ते असं केलं की कोणाला त्याकडे काणाडोळा करता येऊ नये. खडवली स्टेशनापासून रिक्षानं पंधरा मिनिटांवर असलेल्या आपल्या गावात, ऐन चौकात, त्यांनी चाळीस फुटी हायमास्ट उभा केला. वर सहा एलईडी दिवे. पहिल्या दिवशी ते पेटले तेव्हा गावातल्या कोंबड्यांनी रात्री दहालाच आरवायला सुरुवात केली आणि पुढे आठवडाभर त्यांचं काही खरं नव्हतं. बायका तांदूळ निवडायला चौकात येऊन बसू लागल्या. पत्त्यांचा अड्डा मात्र उठला, कारण एकमेकांची पानं लांबूनच दिसायला लागली. पुढच्या निवडणुकीत दादा पडले, गुणाजी सरपंच झाला, पण दिवा राहिला. घरी पाहुणा आला की दादा त्याला चहाच्या आधी दिवा दाखवत.

आणि या माणसाची सख्खी लेक अंधार शोधत फिरू लागली.

निशा कल्याणला एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवायची. ठाण्याच्या एका आकाशनिरीक्षण मंडळाचा तिला नाद लागला आणि पहिल्या वर्षाच्या पगारातून तिनं जुना कॅमेरा आणि तिपाई घेतली. घरामागच्या खळ्यात ती तिपाई रोवून बसे. आकाशाकडे लेन्स लावून दहा-दहा सेकंदांचे शंभर फोटो काढायचे, मग लॅपटॉपवर ते एकावर एक रचायचे, की त्यातून एक धड फोटो निघतो, असं तिचं म्हणणं. शंभर फोटोंतून एक फोटो काढणं हे दादांना फार महाग वाटे, पण पोर कमावती होती, म्हणून ते गप्प बसत.

त्या ऑक्टोबरात एक धूमकेतू आला होता. संध्याकाळी पश्चिमेला दिसायचा, तासभर, मग मावळायचा. पहिले दोन दिवस ढगांनी खाल्ले. मग कोजागिरीचा चंद्र आडवा आला. कोजागिरी होऊन चार दिवस झाले तेव्हा कुठे आभाळ निवळलं आणि चंद्र उशिरा, साडेआठनंतर उगवू लागला. पण धूमकेतू आता रोज फिका होत चालला होता. सकाळी निशानं चहा घेता घेता विषय काढला.

"बाबा, आज संध्याकाळी एक तास हायमास्ट बंद ठेवता येईल?"

दादांना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "कला गो? बंद कशाला?"

"धूमकेतूचा फोटो काढायचाय. तुमच्या दिव्याच्या उजेडात लेन्समध्ये नुसतं पांढरं पांढरं येतं."

"फोटोला उजेड नको?" दादा हसले. "मना शिकवतंस? शेजारच्या हळदीत व्हिडिओवाला आल्या आल्या लाईट मागत होता. तुना पायजे तं मांडववाल्याकडनं दोन हॅलोजन आनून खळ्यात लावतो."

"हॅलोजन धूमकेतूवर पडणार आहे का, बाबा?"

"का नाय? आपला लाईट टिटवाल्यावरनं दिसतो."

निशा आधी हसली आणि मग रडायच्या बेतात आली. "आज नाही मिळाला तर संपलं. परत तो ऐंशी हजार वर्षांनी येणार."

"मग पुढच्या टायमाला बघू," दादा म्हणाले. सवयीचं वाक्य, तोंडातून निघून गेलं. पाच वर्षं गटार मागायला आलेल्या प्रत्येकाला त्यांनी हेच सांगितलं होतं.

निशा कप तसाच ठेवून उठली. स्वयंपाकघरातून सगुणाबाईंनी नवऱ्याकडे एक नजर टाकली आणि भाकरी थापायला लागल्या. पस्तीस वर्षांच्या संसारात दादांना त्या नजरेचा अर्थ विचारायची कधी गरज पडली नव्हती.

दुपारी दादा पडवीत आडवे झाले होते. आतल्या खोलीत निशा फोनवर ठाण्याच्या कोणाशी तरी बोलत होती. "नाही गं, माझा फोटो नाही मिळणार. आमच्याकडे नाही दिसत काही. आमच्याकडे बाबांचा दिवा आहे ना."

बाबांचा दिवा. लोक हे दोन शब्द दादांसमोर किती वेळा बोलले होते, आणि दरवेळी दादांची छाती फुगली होती. पण आज पोरीनं ते अशा सुरात म्हटले, जसं कोणी सांगावं की आमच्याकडे बाबांचा दमा आहे. दादा कुशीवर वळले. झोप काही लागली नाही. आपण पोरीला कधी काही कमी केलं नाही, असं ते चारचौघांत सांगत आले होते. आणि तिनं मागितलं काय, तर एक तास काळोख, जो या गावात त्यांच्या आधी फुकट होता.

साडेसहाला ते चपला घालून चौकात गेले. खांबाच्या बुडाशी लोखंडी पेटी होती आणि तिला कुलूप. बटण शोधत त्यांनी पेटीला तीन प्रदक्षिणा घातल्या. तेवढ्यात डोक्यावर सहाही दिवे फक्कन पेटले. दादांनी वायरमन जगनला फोन लावला. तो आंबिवलीला होता.

"दादा, त्याला बटन नाय," जगन म्हणाला. "सेन्सर हाय. उद्घाटनाला तुमीच भाषन केलेलं ना, मानसाच्या हाताची गरज नाय असा दिवा आनलाय म्हनून."

"चावी?"

"चावी कंत्राटदाराकडं. तो दुबईला."

"जगन, कायतरी कर बाबा. पोरीचा प्रश्न हाय."

जगननं मग युक्ती सांगितली. "पेटीच्या वर बघा, खांबाला बाटलीच्या बुचाएवढा काचेचा डोला हाय. त्याच्यावर बॅटरी मारा. त्याला वाटंल दिवस उगवला. पन हात हलवू नका, नायतर अर्ध्या मिनटात परत पेटंल."

दादांनी घरून स्टूल आणि मोठी बॅटरी आणली, स्टुलावर चढले आणि त्या डोळ्यावर झोत धरला. पाच, दहा, वीस सेकंद काही झालं नाही. आणि मग सहाही दिवे एकदम गेले.

गाव ओरडलं. कोणी म्हणालं, ट्रान्सफॉर्मर उडाला. कोणी म्हणालं, बिल भरलं नाही. घराघरांतून माणसं बाहेर आली आणि चौकात येऊन बघतात तो माजी सरपंच स्टुलावर उभे राहून आपल्याच खांबाला बॅटरी दाखवताहेत. निशाही धावत आली. तिनं एकदा वर बघितलं, एकदा बापाकडे, आणि तशीच खळ्याकडे पळाली.

"घरातले लाईट पन बंद करा रं!" दादा पाठमोरेच ओरडले. "माझी पोर शेंडेनक्षत्राचा फोटो काढतेय!"

शेंडेनक्षत्र म्हटल्यावर ते बघायचं कोणाला नको असेल? घरं विझली. सगळं गाव खळ्याच्या बाजूला सरकलं आणि चौकात दादा एकटे उरले. एकटे म्हणजे, डास होते. एक मानेवर बसला, दोन पोटऱ्यांवर. दादांनी मान झटकली, झोत हलला आणि दिवे भपकन पेटले. खळ्यातून निशाची किंकाळी आली, "बाबा! सहा फोटो गेले!"

"चुकलं गो!" दादांनी झोत परत धरला. त्यानंतर डासांना काय खायचं ते खाऊ दिलं.

सव्वासातला गुणाजी आला. ज्या दिव्याच्या खर्चावर त्यानं भाषणं ठोकून निवडणूक जिंकली होती, तो दिवा दादा स्वतः विझवताहेत, हे बघायला तो खास चालत आला होता.

"काय दादा, सतरा लाखांच्या दिव्याला आता दोनशेची बॅटरी?"

"बोल, काय बोलाचं ते बोल," दादा भिंतीशी बोलल्यासारखे म्हणाले. "मना मागं वलता येत नाय."

गुणाजीनं संधी सोडली नाही. मनसोक्त बोलला. बोलता बोलता त्याच्या लक्षात आलं की बॅटरीचा झोत पिवळा पडत चाललाय. दादांच्याही लक्षात आलं होतं.

"गुणाजी," दादा म्हणाले. निवडणूक हरल्यापासून त्यांनी त्याला नावानं हाक मारली नव्हती. "तुझा मोबाईल दे."

गुणाजीनं मोबाईलची लाईट लावून तो त्यांच्या हातात दिला. "पाडू नका, नवा हाय," एवढं म्हणाला आणि स्वतः धूमकेतू बघायला निघून गेला.

खळ्यातून आवाज येत होते. "त्यो बघ, माडाच्या वर!" "शेपूट केवढी!" "मना दिसला, मना दिसला!" दादांना दिसत होता तो गंजलेला पत्रा आणि काचेचा डोळा. खांदा भरून आला होता, बोटं सुन्न झाली होती. या गावात आज लहान पोरांपासून गुणाजीपर्यंत सगळ्यांनी धूमकेतू बघितला, फक्त ज्यानं दिवा विझवला त्यानं नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं आणि त्यांना स्वतःची बरीच कीव वाटली.

"बाबा, झाले!" निशा धावत आली. "शंभर झाले! बघा." तिनं कॅमेऱ्याचा छोटा पडदा दादांच्या तोंडासमोर धरला. काळ्यावर एक पांढरट फराटा होता. दादांना तो भिंतीवरच्या चुन्याच्या डागासारखा वाटला, पण ते म्हणाले, "झकास."

निशानं त्यांचा चेहरा बघितला. "तुम्ही अजून बघितलाच नाही ना?"

"कसा बघनार? हात काढला तं पेटतो."

"द्या इकडे." तिनं मोबाईल घेतला, स्टुलावर चढली आणि आकाशाकडे पाठ करून झोत धरला. "जा. चंद्र उगवायच्या आत बघून या."

दादा अवघडलेला खांदा चोळत खळ्यात गेले. आधी काहीच दिसलं नाही. मग डोळे अंधाराला सरावले आणि नुसते माडाच्या वरचेच नाहीत, चहूकडचे तारे बाहेर यायला लागले. एवढे तारे त्यांनी या खळ्यात लहानपणी बापाशेजारी झोपताना बघितले होते, आणि ते कुठे गेले हे त्यांना कधी विचारावंसंही वाटलं नव्हतं. मध्ये तो होता, धूसर, शेपूट वर करून. दादांचे डोळे भरले, त्यामुळे तो अजूनच धूसर झाला.

"बाबा!" चौकातून निशाची हाक आली. "बघितला का? हात दुखायला लागला!"

"आजून पाच मिनटं धर गो," पंढरीदादा वर बघतच ओरडले. "हलू नको. दिवा पेटंल!"