वाऱ्याचा दोर

मी एक जुना दोर आहे. घोड्याच्या आणि याकच्या केसांचा, अंगठ्याएवढा जाड. माझ्या मधोमध एक गाठ आहे. मित्रांनो, तिच्यामुळेच मी आज घाबरलेला आहे, म्हणून माझी गोष्ट तुम्हांला लवकर सांगून टाकतो.

नारीन नदीच्या वरच्या कुरणांवर बुरुलचा नावाच्या म्हातारीने मला वळले, तेव्हा ती नवी नवरी होती. उन्हाळ्यात जनावरांचे केस कापले की ते पिंजायचे, टकळीवर कातायचे आणि मग पदरात पदर घालत वळायचे. खाली तिने लाल गोंडे लावले. लोकरीच्या गोल तंबूच्या छतात एक लाकडी कडे असते, त्याला माझे टोक बांधले. तेव्हापासून दर उन्हाळ्यात मी घराच्या मधोमध लोंबतो. पाहुणे गोंड्यांचे कौतुक करतात. पोरे माझ्यावर झोके घेतात आणि पाठीत धपाटे खातात.

पण डोंगरावरून वारा सुटला की मला खाली ओढून जमिनीतल्या खुंटाला ताणून बांधतात. वारा खालून शिरतो आणि अख्खे घर टोपीसारखे उचलू पाहतो. ते धरून ठेवायचे काम माझे. माझ्या शेजारी नेहमी एक पाळणा असतो. सध्या त्यात तिलेक झोपतो.

तिलेकचा बाप एर्मेक रशियात बांधकामावर असतो. घरात बुरुलचा, तिची सून जानिल आणि तिलेकची मोठी बहीण मेरिम. ही मेरिम फार मुखदुर्बळ. पाहुण्यांसमोर चहा ठेवतानाही तिचे हात थरथरायचे. हिवाळ्यात ती शाळेतल्या स्काउटांत जाऊ लागली आणि पोरगी पालटली. ताठ चालू लागली, ओल्या काटक्यांची चूल पेटवू लागली. शिंगराचा पाय मोडला, तर तिने फळ्या लावून तो बांधला. तिच्या गणवेशापायी एक मेंढी विकली गेली होती, पण तिला बघून जानिलला त्याचे काही वाटेनासे झाले.

उन्हाळ्यात शिबिर ठरले. प्रत्येकाने आपला मजबूत दोर आणायचा होता.

"हाच ने," जानिल माझ्याकडे बघत म्हणाली. "वारा कुठाय? गवतसुद्धा हलत नाही."

बुरुलचाची टकळी थांबली. "उभ्या घराचा वाऱ्याचा दोर सोडतं का कुणी, सूनबाई?"

"मग पोरीनं तिथं दोर मागत फिरायचं? एर्मेकची लेक हात हलवत आली म्हणतील."

"म्हणू देत की. म्हटल्यानं घर उडत नाही."

जानिलने मला सोडलेच. आमच्याकडची माणसे अशीच आहेत. घरातले देऊ नये तेही देतील, पण लेकराला चारचौघांत रिकाम्या हाताने उभे करणार नाहीत.

निघताना बुरुलचा मेरिमला म्हणाली, "यंदा तुला दोर वळायला शिकवणार होते गं. केस कापायचे हेच तर दिवस."

"पुढच्या उन्हाळ्यात शिकव ना, मोठी आपा." आमच्याकडे आई ती आपा आणि आजी ती मोठी आपा.

शिबिरात मला धरून लहान पोरे ओढा उतरली. खरे सांगतो, मला अभिमान वाटला. त्यांचे मास्तर कुबात आगाय शहरातले, मोठे मायाळू. एक मुलगा दोराविना आला, तेव्हा ते म्हणाले, "मेरिम, तुझा दोर केवढा लांब आहे. अर्धा याला देऊ या. स्काउट वाटून घेतो, हो ना?"

मेरिमने तोंड उघडले आणि मिटले. आगायला, म्हणजे मास्तरांना, नाही म्हणायची आमच्याकडे रीत नाही. त्यांना बिचाऱ्यांना काय ठाऊक मी कोण ते? त्यांनी सुरी काढली आणि माझे दोन तुकडे केले.

पुढे त्यांनीच दोन दोर जोडायची गाठ शिकवली. साधी गाठ ताण आला की सरकते, ही सरकत नाही. मेरिम ती पुन्हा पुन्हा बांधत राहिली. शिबिर संपताना त्या मुलाने माझा अर्धा भाग परत दिला.

ती घरी पोचली तेव्हा पश्चिमेकडे आभाळ काळे पडले होते. मेंढ्या एकमेकींना चिकटून उभ्या होत्या. कुत्रा गाडीखाली शिरून बसला होता.

"आधी दोर दे," जानिल ओरडली. पिशवीतून दोन तुकडे निघाले.

एक तुकडा कड्याला लावला, तर तो खुंटापर्यंत पोचेना. जानिलने घाईघाईने दुसरा त्याला साध्या गाठीने जोडून खुंटाला ताणला.

"आपा, ही गाठ सरकेल."

"आता तू मला शिकवणार?"

तेवढ्यात वारा आला. ती गाठ सरकली आणि सुटली. तंबूची कड जमिनीपासून उचलली गेली, खालून उजेड दिसला. पाळणा कलंडला. बुरुलचा त्याच्यावर आडवी पडली. जानिल माझ्या वरच्या तुकड्याला सगळ्या वजनानिशी लोंबकळली आणि मेरिमने, हात न थरथरता, शिबिरात शिकलेली गाठ बांधली.

घर खाली बसले. जानिलच्या तळहातांची सालटी निघाली होती. ती लेकीला रागावली नाही. "ही गाठ मला दाखव," एवढेच म्हणाली.

बुरुलचाने पोराला छातीशी धरले होते. "गाठ शिकलीस, बरं झालं," ती म्हणाली. "पण दोर कोण वळणार, पोरी?"

त्याला आता वर्ष झाले. आज मेरिम पुन्हा शिबिराला निघाली आहे. बापाने पाठवलेला नवा नायलॉनचा दोर तिच्या खांद्यावर आहे. म्हातारीच्या डोळ्यांवर पडदा आला आहे. टोपलीत अर्धे कातलेले केस तसेच पडून आहेत. मेरिमने जाण्यापूर्वी माझी गाठ ओढून पाहिली. "पक्की आहे, आपा," ती म्हणाली.

गाठ पक्कीच आहे, मित्रांनो. पण जिथे सुरी लागली, तिथले माझे केस दर वाऱ्यात तुटत चालले आहेत. ते गाठीच्या आत आहेत. कुणाला दिसत नाहीत.

तुम्ही शिबिराला जरूर जा. मेरिम तिथे ती गाठ शिकली नसती तर तिलेक वाचला नसता, हे मीच सांगतो. पण निघण्याआधी एकदा घराच्या छताकडे बघा आणि ज्यांना दोर वळता येतो, त्यांच्या शेजारी एक उन्हाळा बसा.

पश्चिमेकडे ढग आले आहेत. मेरिम टेकडीपलीकडे गेली. जानिल मला खाली ओढते आहे.